पक्षकार तुरुंगात, वकीलही तुरुंगात!

२६ जून १९७५ची सकाळ. पक्षांतरबंदीच्या विधेयकावर विचार करण्यासाठी खासदारांची एक समिती बंगळूरला आली होती. रात्रीत देशात आणीबाणी लागली आणि समितीतल्या चौघांना पोलिसांनी ताब्यात घेतले: अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि आपल्या राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते. पुढे प्रमिलाताई दंडवतेही पकडल्या गेल्या. पती बंगळूरच्या मध्यवर्ती तुरुंगात, पत्नी पुण्याच्या येरवड्यात! दोघांचा संसार आता पत्रांतून चालू झाला.

अशा वेळी माणसाला वकील लागतो. पण उभा कोण राहणार?

बंगळूरला एम. रामा जोईस नावाचे वकील होते. मूळचे शिमोगा जिल्ह्यातले, १९५९ पासून वकिली करणारे. सरकारी नोकरांच्या सेवाविषयक कायद्याचा त्यांचा अभ्यास दांडगा. पुढे त्यांनी त्यावर ग्रंथही लिहिला. म्हणजे रोजची भाकरी देणारी, रीतसर चाललेली वकिली. हे सारे सांभाळून गप्प बसले असते, तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. पण चौघांनी कर्नाटक उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचे अर्ज केले, तेव्हा जोईस त्या कामात उतरले. ‘या माणसाला का डांबले ते सांगा’, असे न्यायालयाने सरकारला विचारावे, एवढीच या अर्जाची मागणी असते. तरुण वकील संतोष हेगडेही त्यात होते. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर असताना युक्तिवादासाठी बंगळूरला आले.

जोईस संघाच्या विचारांचे, दंडवते कट्टर समाजवादी. मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. या खटल्यात कमाई नव्हती, धोका मात्र होता. आणि तो खराच ठरला. जोईस स्वतःच पकडले गेले आणि आपल्या पक्षकारांसोबत त्याच तुरुंगात जाऊन बसले! घरच्यांवर काय गुजरले असेल? वकिलाच्या घरी अशील येईनासे झाले की चूल कशी पेटते, हे वकिलाच्या बायकोलाच ठाऊक.

असे अर्ज ऐकता येतात, असे कर्नाटकासह नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी निकाल लागला: आणीबाणीत स्थानबद्धाला असा अर्ज करण्याचा हक्क नाही. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. बहुमतात आपल्या पुण्याचे न्या. यशवंत चंद्रचूड होते.

गंमत पाहा. ज्या वर्षी हा दरवाजा बंद झाला, त्याच १९७६मध्ये गरिबांना मोफत कायदेशीर साहाय्य देण्याचे कलम ३९-अ घटनेत आले. त्याला धरून १९८७चा कायदा झाला आणि १९९५मध्ये तो अमलात आला. या कायद्याने स्त्रियांना सरकारी खर्चाने वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नवऱ्याचा पगार कितीही असो, बाईला हा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात एक साधा अर्ज द्यायचा असतो. किती जणींना हे माहीत असते?

आणीबाणी उठली. १९७७मध्ये दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि जोईस त्याच कर्नाटक उच्च न्यायालयात न्यायमूर्ती. पुढे ते पंजाब-हरयाणाचे मुख्य न्यायमूर्ती झाले, झारखंड आणि बिहारचे राज्यपालही झाले. हेगडे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि नंतर कर्नाटकाचे लोकायुक्त झाले.

हरलेला खटला मात्र तसाच राहिला होता. बंगळूरचेच निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी ‘आधार’विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यातून खासगीपणाच्या हक्काचा प्रश्न नऊ न्यायाधीशांपुढे आला. २४ ऑगस्ट २०१७च्या निकालात १९७६चा तो निर्णय चुकीचा ठरवून रद्द झाला. तसे लिहिणारे न्यायाधीश होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव.

दंडवते २००५मध्येच गेले होते. जोईस यांनी मात्र तो निकाल पाहिला. २०२१मध्ये, नव्वदीला टेकलेले असताना, ते बंगळूरला निवर्तले. ज्या तुरुंगात वकील आणि पक्षकार एकत्र होते, तिथे आता ‘फ्रीडम पार्क’ नावाची बाग आहे.