पडद्यावरील पुराणकथा

जामसांवलीच्या मंदिरात पहुडलेल्या हनुमंतासमोर आलेले मूल पहिल्यांदा विचारते, 'मारुतिराय निजले का?' मग वडीलधारे माणूस कथा सांगू लागते. मूर्ती पाहावी नि तिची कथा विचारावी, ही आपली जुनीच रीत. तीच पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळींनी 'राजी' या व्हिडिओ खेळात योजिली. २०१७ साली लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला. तरीही २०२० मध्ये खेळ प्रथम निंटेंडो स्विचवर अवतरला.

राजी ही कसरती करणारी पोर. असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या शोधात ती निघते. हाती दुर्गेचा त्रिशूळ. वाटेत भिंतीवरील चित्रासमोर ती थांबली, की दुर्गा आणि विष्णू त्यातील कथा उलगडतात. राजस्थानी वळणाचे वाडे व छायाबाहुल्यांनी सांगितलेले प्रसंगही नेत्रसुखद आहेत. खेळाचे खरे वैभव येथेच आहे.

युद्धात मात्र रंग उतरतो. दृश्याचा कोन खेळणाऱ्याच्या स्वाधीन नसल्याने अंतराचा अंदाज चुकतो, उडी हुकते. आणि अवघ्या पाच-सहा तासांत कथा ऐन भरात असता तुटते. हा दोष क्षम्य नव्हे. दुसरी उणीव भाषेची. मूळ आवृत्तीत देवदेवता बोलतात त्या इंग्रजीतच. हिंदी संवाद २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आले. सौंसरच्या मुलाला तोवर दुर्गेची कथा इंग्रजीतूनच ऐकावी लागली, आणि आजीला शेजारी बसूनही ती कळली नसती.