दगडात कोरलेली तारीख

मंदिर किती जुनं, हे कसं ठरवतात? अंबरनाथचं शिवमंदिर याचं उत्तर स्वतःच देतं. उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर कोरलेल्या लेखात शक ९८२ हे वर्ष आणि शिलाहार राजा माम्वाणी याचं नाव आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन निघतो: १०६०.

लेख नसेल तिथे बांधणी बोलते. शिखरावर उभ्या पट्ट्या आणि त्यांच्या मधल्या जागेत चिमुकल्या शिखरांच्या ओळी दिसल्या, की ती भूमिज शैली. सिन्नरचं गोंदेश्वर याच घडणीचं.

दर्शन झालं की दाराची चौकट जरूर न्याहाळा. अक्षरं दिसली तर त्यांवर खडू किंवा रंग फासू नका. तिरप्या उजेडात ती आपोआप उठून दिसतात.