नेट गेलं म्हणजे नेमकं कुठे गेलं? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा



गेल्या महिन्याची २० तारीख. संध्याकाळचे सव्वासात. दुकानात झेरॉक्सला गर्दी आणि फोन वाजला. आपल्या बॅचमधल्या एक ताई, कराडजवळच्याच एका गावातून घरबसल्या अकरा दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरतात. आवाज रडवेला. "सर, कॉम्प्युटर गेला. नेटच चालत नाही. चार जणांचं थ्री-बी राहिलंय. पुतण्या म्हणतोय विंडोज नवीन टाकतो, एक तास लागेल. टाकू का?"

ज्यांना जीएसटी नाही त्यांच्यासाठी सांगतो. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याला जीएसटीआर थ्री-बी २० तारखेपर्यंत भरावं लागतं. चुकलं की रोजचे ५० रुपये लेट फी, निल असेल तर २०, आणि कर भरायचा असेल तर त्यावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज वेगळं. पैसे फार नाहीत हो. पण ज्या दुकानदाराने विश्वासाने आपल्याकडे काम दिलं, त्याला "ताई, दंड कसा काय लागला?" असं विचारायची वेळ आली की पुढच्या वर्षी तो दुसरीकडे जातो. आणि त्याच कॉम्प्युटरवर अकरा जणांचा टॅलीचा डेटा!

मी म्हटलं, "ताई, पुतण्याला म्हणावं हात लावू नको. पाच मिनिटं द्या."

हे मी इतक्या ठामपणे का म्हटलं, तर ही चूक मी स्वतः करून बसलोय. २०१५ ची गोष्ट. बीबीए करून नुकतंच दुकान टाकलं होतं. एक दिवस सकाळी कॉम्प्युटर चालू केला, तर काही साइट उघडतायत आणि काही उघडत नाहीत. जीमेल नाही, बँक नाही. 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही' असं काहीतरी लाल अक्षरात येतंय. मला वाटलं व्हायरस. एका ओळखीच्याला बोलावलं. त्यानं दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला, फॉरमॅट मारावा लागेल. मी म्हटलं मार. माझ्या उधारीची एक्सेल फाइल डेस्कटॉपवर होती, हे त्यानंही विचारलं नाही आणि मलाही आठवलं नाही. ३८ हजारांची उधारी. निम्मी आठवून आठवून वसूल केली, निम्मी गेली ती गेलीच.

गंमत पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच! एका मुलाला निकालाची प्रिंट काढून दिली (ती साइट जुन्या पद्धतीची, ती उघडत होती). त्यानं कागदाचा कोपरा बघितला आणि म्हणाला, "दादा, यावर २००८ साल कसं काय?" मदरबोर्डवर एक गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, जाड नाण्यासारखा. तो संपला होता. रात्री मी दुकानाचा मेन स्विच बंद करायचो, की कॉम्प्युटरचं घड्याळ मागे जायचं. तारीख चुकीची असली की सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला खोटं वाटतं आणि तो साइट उघडतच नाही. थोडक्यात, किरकोळ किमतीच्या सेलपायी मी उधारीची वही जाळली. आजही कुणी "काही साइट चालतात, काही नाही" म्हणालं की मी आधी खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचायला लावतो. सालासकट.

आता कामाचं. आपण व्यापारी माणसं. माल आला नाही तर काय करतो? डिस्ट्रिब्युटरकडून निघाला का, ट्रान्सपोर्टला पोचला का, गाडीतून उतरला का, असं विचारत जातो. दुकान पाडून नवीन बांधत नाही. नेटचंही तसंच आहे. कॉम्प्युटरपासून घरातल्या राउटरपर्यंत एक टप्पा, राउटरपासून कंपनीपर्यंत दुसरा, आणि कंपनीपासून पुढे जगात तिसरा. माल कुठल्या टप्प्यावर अडकलाय हे कळेपर्यंत एकही सेटिंग बदलायची नाही. एका वेळी चार गोष्टी बदलल्या, की नेट आलं तरी कशानं आलं ते कळत नाही आणि नाही आलं तर आपणच अजून काय बिघडवलं तेही कळत नाही.

मी ताईंना पहिला प्रश्न विचारला, दुसरी एखादी साइट उघडते का? कारण २० तारखेला कधी कधी पोर्टलच रेंगाळतं आणि आपण घरातलं नेट खोलत बसतो. त्या म्हणाल्या, काहीच उघडत नाही. पण लगेच म्हणाल्या, "मोबाईलवर यूट्यूब मस्त चालतंय, म्हणजे वाय-फाय बरोबर आहे. कॉम्प्युटरच गेलाय."

इथे दहातले आठ लोक फसतात. घरातलं वाय-फाय मेलं की मोबाईल गुपचूप स्वतःच्या सिमच्या डेटावर जातो. तुम्हाला वाटतं वाय-फाय चालू आहे. म्हणून मोबाईल डेटा बंद करायचा, फक्त वाय-फाय ठेवायचं आणि मग एखादी नवी साइट उघडून बघायची. ताईंनी डेटा बंद केला. यूट्यूब जागच्या जागी थांबलं. म्हणजे कॉम्प्युटर निर्दोष! पुतण्याचा पेनड्राइव्ह खिशात गेला.

मग भिंतीवरची डबी. फायबरचं कनेक्शन असेल तर त्यावर छोटे दिवे असतात आणि त्यांच्याखाली बारीक अक्षरं. मोबाईलच्या टॉर्चनं वाचा. 'पॉन' हिरवा आणि स्थिर पाहिजे. 'एलओएस' बंद पाहिजे. एलओएस लाल दिसत असेल तर कंपनीकडून वायरीतून येणारा प्रकाशच डबीपर्यंत पोचत नाहीये. अशा वेळी कॉम्प्युटरवर तुम्ही रात्रभर काहीही करा, उपयोग शून्य. पॉन ठीक आहे पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा बंद, तर लॉगिनची किंवा रिचार्जची भानगड असू शकते. (हसू नका, प्लॅन संपल्याचा मेसेज न वाचता माझ्याकडे सीपीयू उचलून आणणारे लोक आहेत.)

ताईंच्या डबीवर एलओएस लाल. मी विचारलं, आज घरात काही हलवलं का? दुपारी कपाट सरकवलं होतं. फायबरची ती बारीक वायर कपाटाच्या मागे दबली होती. आत काच असते, तांबं नाही. करकचून वाकली की तुटते. वायर मोकळी केली, डबी बंद करून अर्ध्या मिनिटानं चालू केली, तरी लाल. म्हणजे कंपनीचा माणूस आल्याशिवाय गत्यंतर नाही.

इथे एक गोष्ट पाठ करा. डबी बंद-चालू करणं वेगळं आणि रिसेट करणं वेगळं. डबीच्या मागे टाचणीएवढं भोक असतं, त्यात पिन खुपसून दाबलं की डबी कारखान्यातून आली तशी कोरी होते. बऱ्याच कनेक्शनला कंपनीनं त्यात युजरनेम-पासवर्ड टाकलेला असतो, तोही उडतो. मग वायर जोडली तरी नेट येत नाही. त्या भोकाच्या वाटेला जायचं नाही. आणि फायबरचं टोक काढून डोळ्यासमोर धरून बघायचं नाही, त्यातला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला वाईट असतो.

साडेसात वाजले. दुरुस्ती उद्या, रिटर्न आज. मी म्हटलं, मोबाईल चार्जिंगच्या केबलनं सीपीयूला जोडा, मोबाईलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' असतं ते चालू करा. जोडलं, तर तो पर्याय फिकाच, दाबलाच जात नाही. केबल कसली होती? इअरबड्सच्या डब्यातली. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंग करतात, त्यांच्यात डेटाच्या तारा नसतातच. मोबाईलबरोबर आलेली केबल लावली आणि दोन मिनिटांत पोर्टल उघडलं.

यूएसबी टेदरिंगची सवय आजच करून ठेवा, अगदी आत्ता, हे वाचून झालं की. ज्या डेस्कटॉपला वाय-फाय नाही त्यालाही ते चालतं आणि मोबाईल चार्जही होत राहतो. शिवाय ती एक तपासणी पण आहे. टेदरिंगवर नेट चाललं तर तुमचं विंडोज आणि ब्राउझर ठीक आहे, दोष राउटरच्या बाजूला किंवा त्याच्या वायरीत. फक्त विंडोजमध्ये त्या कनेक्शनला 'मीटर्ड' करा, नाहीतर अपडेट उतरवण्यातच दिवसाचा डेटा संपेल.

आता उलट केस. मोबाईल वाय-फायवर व्यवस्थित, फक्त कॉम्प्युटर अडलाय. आधी डोळ्यांनी दिसणारं बघा. लॅपटॉपचा एअरप्लेन मोड चुकून दाबला गेलाय का? लॅन केबल असेल तर तिच्या टोकाची प्लास्टिकची चिमटी तुटलीय का? ती तुटली की केबल लावल्यासारखी दिसते, पण झाडू मारताना धक्का लागून सैल होते. केबलच्या खाचेजवळचे बारीक दिवे लागत नसतील तर दुसरी केबल लावून बघा.

तेवढ्यानं भागलं नाही तर काळ्या खिडकीला घाबरू नका. स्टार्टमध्ये इंग्रजीत सीएमडी टाइप करा, एंटर. तिथे आयपीकॉन्फिग टाइप करा. आयपीव्ही४ च्या ओळीत बहुतेक घरांत १९२.१६८ नं सुरू होणारा आकडा दिसतो. तो दिसला तर राउटरनं तुमच्या कॉम्प्युटरला पत्ता दिलाय. १६९.२५४ नं सुरू होणारा दिसला तर राउटरनं काहीच दिलेलं नाही, कॉम्प्युटरनं स्वतःच मनानं एक पत्ता लावून घेतलाय. मग पुढच्या साइटबिइटचा विचार सोडा, केबल किंवा वाय-फायचा पासवर्ड इथेच गडबड आहे.

पत्ता ठीक असेल तर पिंग टाइप करून एक जागा सोडून डिफॉल्ट गेटवेसमोरचा आकडा टाका, म्हणजे राउटरला हाक मारली. 'रिप्लाय' आला तर पहिला टप्पा पास. मग तसंच पिंग ८.८.८.८. हा गूगलचा सर्व्हर, म्हणजे घराबाहेरच्याला हाक. शेवटी पिंग आणि गूगल डॉट कॉम. आकड्याला उत्तर येतंय पण नावाला येत नाही, असं झालं की डीएनएस अडकलंय. डीएनएस म्हणजे नेटची फोन डायरी, नाव सांगितलं की नंबर देते. डायरी हरवली तरी लाइन चालूच असते. सेटिंगमध्ये नेटवर्कच्या भागात डीएनएस मॅन्युअल करून ८.८.८.८ आणि दुसऱ्या रकान्यात १.१.१.१ टाका, बहुतेक वेळा काम होतं.

तिन्ही हाकांना उत्तर येतंय आणि तरी ब्राउझर गप्प? मग तारीख बघा (माझी आठवण काढून), कुणी फुकटचं व्हीपीएन टाकलंय का बघा, सेटिंगमध्ये प्रॉक्सी चालू राहिलाय का बघा. विंडोजचा 'नेटवर्क रिसेट' सगळ्यात शेवटी. त्यानं फाइली जात नाहीत, पण साठवलेले वाय-फायचे पासवर्ड जातात, ते आधी लिहून ठेवा.

कंपनीला फोन करायची वेळ आली तर नंबर बिलावरचा किंवा कंपनीच्या ॲपमधला घ्या. गूगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधून वर येणारा पहिला नंबर लावू नका. तिथे भामटे बसलेले असतात. "दहा रुपये भरा, हे ॲप टाका" म्हणतात आणि तुमची स्क्रीन त्यांच्या हातात जाते. नेट दुरुस्त करायला कुठल्याही कंपनीला तुमचा ओटीपी लागत नाही. कुणी फसलंच तर १९३० ला तातडीनं फोन करा, जितका उशीर तितके पैसे लांब जातात.

ताईंचं काय झालं? पोर्टल त्या रात्री फारच हळू होतं. चौथ्या रिटर्नचा एआरएन अकरा वाजून वीस मिनिटांनी आला, त्याचा स्क्रीनशॉट मला पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइनमन आला, वायरचं टोक कापून नवीन कनेक्टर बसवला, एलओएस विझला. जाताना त्यानं विचारलं म्हणे, "डबीला पिन तर नाही ना खुपसली कोणी?" ताई म्हणाल्या, "नाही बाबा." आता त्यांनी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर ग्राहक क्रमांक, बिलावरचा फोन नंबर, वाय-फायचा पासवर्ड लिहिलाय आणि खाली सेलोटेपनं ती डेटाची केबल लावून ठेवलीय. पुतण्याला ती न्यायची परवानगी नाही.