८० रुपये, सात जणी आणि चार महिन्यांचा पाऊस

बालमित्रांनो, उडदाच्या पापडाची लाटी तेलात बुडवून खाल्ली आहे ना? एप्रिल-मे महिन्यात घरात पापडांचा घाट घातला, की आई, आजी, काकू आणि शेजारच्या मावशी गोल करून बसतात. उडदाच्या पिठात काळी मिरी, हिंग आणि पापडखार घालतात. पीठ घट्ट भिजवून, तेलाचा हात लावून चांगलं कुटतात. मग पोळपाट-लाटणी फिरू लागतात. तुम्हा मुलांची कामं दोनच. येता-जाता लाट्या पळवायच्या आणि गच्चीवर बसून कावळे हाकलायचे!

आता विचार करा, हेच काम धंदा म्हणून करायचं ठरवलं तर? पापड लाटता येणं आणि पापडाचा धंदा करता येणं, या दोन गोष्टी सारख्याच का? मुळीच नाही. ‘लिज्जत’ पापडाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. आज या संस्थेत हजारो भगिनी काम करतात. पण आज आपण तिचं मोठेपण बघायचं नाही. बघायचं ते फक्त तिचं पहिलं वर्ष. कारण धंदा म्हणजे काय, हे त्या बायकांना याच वर्षानं शिकवलं.

पहिल्या दिवशी चार पाकिटं

१५ मार्च १९५९. मुंबईत गिरगावातल्या लोहाणा निवास नावाच्या इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी जमल्या. जसवंतीबेन पोपट त्यांच्यापैकी एक. सगळ्या गुजराती कुटुंबांतल्या. संसाराला हातभार लावावा, चार पैसे आपल्या कष्टाचे मिळवावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. मोठ्या पदव्या नव्हत्या, पण स्वयंपाकघरातली विद्या हातात होती. म्हणून त्यांनी पापडच निवडला.

भांडवल हवं होतं. छगनलाल करमशी पारेख नावाचे एक समाजसेवक होते, लोक त्यांना छगनबाप्पा म्हणत. त्यांच्याकडून या सात जणींनी ८० रुपये घेतले. बक्षीस म्हणून नव्हे हं, उसने! त्या पैशांतून त्यांनी एक तोट्यात चाललेला पापडाचा छोटा उद्योग विकत घेतला आणि सामानसुमान आणलं. पहिल्या दिवशी किती माल तयार झाला? अवघी चार पाकिटं! गिरगावाजवळच्या भुलेश्वरमधल्या एका व्यापाऱ्यानं त्यांचा माल विकायला घेतला.

त्या वेळी त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली. तोटा झाला तरी चालेल, पण कुणाकडे देणगी मागायची नाही. ‘आम्ही गरीब बायका, आम्हांला मदत करा,’ असं म्हणायचं नाही.

तुम्ही म्हणाल, देणगी मिळत असेल तर घ्यायला काय हरकत आहे? जरा विचार करा. देणगीनं पेटी भरली, तर आपला पापड लोकांना खरंच आवडतो का, हे कळणार कसं? गिऱ्हाईक दयेपोटी एकदा घेतं. दुसऱ्यांदा मात्र चव आवडली तरच येतं. शिवाय उसने पैसे घेतलेला माणूस मान वर करून बोलू शकतो, कारण ते फेडायचे असतात.

दोन पापडांचा एक पापड

सुरुवातीला या जणी दोन प्रकारचे पापड करत. एक चांगला आणि दुसरा जरा हलका, स्वस्तात विकायचा. वरवर पाहिलं तर ही युक्ती बरी वाटते. ज्याला परवडेल त्यानं चांगला घ्यावा, नाही त्यानं स्वस्त घ्यावा.

छगनबाप्पांनी मात्र सांगितलं, की पापड एकच करा, तो उत्तम करा आणि दर्जात कधीही तडजोड करू नका.

का बरं? समजा, एखाद्या घरी पाहुणा आला आणि त्याच्या पानात तो हलका पापड पडला. तो काय म्हणेल? “यांचा पापड काही खास नाही.” स्वस्तातला होता, हे त्याला कोण सांगायला जाणार? नाव एकच असतं आणि ते खराब व्हायला एक वाईट पापड पुरतो. त्या सात जणींनी सल्ला मानला. आणि तुटलेल्या पापडांचं काय करायचं? ते त्या शेजारीपाजारी वाटून टाकत.

पाऊस आला, काम थांबलं

पहिल्या तीन महिन्यांत सातांच्या सुमारे २५ जणी झाल्या. हात वाढले आणि उत्साहही वाढला. पण मार्च, एप्रिल, मे संपले की मुंबईत काय येतं? बरोबर, पाऊस!

पापड वाळतो म्हणजे त्यातलं पाणी हवेत निघून जातं. उन्हाळ्यात हवा कोरडी असते, ती हे पाणी पटकन घेते. पावसाळ्यात हवाच पाण्यानं भरलेली असते, ती आणखी पाणी कुठून घेणार? तुमचे कपडे दोन-दोन दिवस दोरीवर ओलेच राहतात ना, तसंच. अर्धवट वाळलेला पापड डब्यात भरला की त्याला बुरशी धरते आणि तो फेकून द्यावा लागतो.

म्हणून त्या पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं. नुकता उभा राहिलेला धंदा आणि चार महिने कमाई नाही! अशा वेळी कितीतरी जणांचा धीर सुटतो. एकदा पांगलेली माणसं पुन्हा जमत नाहीत. या जणी मात्र पुन्हा जमल्या.

पुढच्या वर्षी पाऊस यायचा थांबणार नव्हताच. मग त्यांनी काय केलं? एक खाट आणि एक शेगडी विकत आणली. खाटेवर पापड पसरायचे आणि खाटेखाली शेगडी पेटवायची. खालून ऊब मिळाली की पापड वाळतात, बाहेर कितीही धो धो पाऊस असो. यंत्र नाही, परदेशातून आणलेलं काही नाही. खाट आणि शेगडी! अडचण नेमकी कुठे आहे हे पहिल्या वर्षानं दाखवलं होतं, म्हणून उपायही नेमका सुचला.

वही काय सांगते?

छगनबाप्पांचा आणखी एक आग्रह होता. हा घरगुती उद्योग असला तरी धंद्यासारखाच चालवा आणि हिशेब चोख ठेवा. म्हणूनच पहिल्या वर्षाचा आकडा आज आपल्याला सांगता येतो. एकूण विक्री ६,१९६ रुपये.

घ्या बरं वही-पेन्सिल. ६,१९६ ला १२ नं भागा. महिन्याला सुमारे ५१६ रुपये आले. पण चार महिने तर काम बंद होतं! मग ८ नं भागा. आता उत्तर येतं ७७४ रुपये ५० पैसे. म्हणजे काम चालू असलेल्या महिन्यांत धंदा बरा चालला होता, दुबळा केला होता तो पावसानं. बघा, एकच आकडा दोन तऱ्हांनी मांडला की गोष्ट कशी स्पष्ट होते!

आणखी एक लक्षात ठेवा. ६,१९६ रुपये ही विक्री आहे, नफा नव्हे. त्यातून डाळ, मिरी, हिंग यांचा खर्च जातो आणि लाटणाऱ्या हातांची मजुरी जाते. शाळेच्या आनंद मेळाव्यात मुलं भेळेचा स्टॉल लावतात आणि संध्याकाळी ओरडतात, “बाई, आम्ही ३०० रुपये कमावले!” मी विचारते, “कुरमुरे कुणी आणले? चटणी कुणी वाटली? गॅस कुणाचा जळला?” मग सगळे आईकडे बघतात! घरच्यांच्या कष्टांची किंमत आपण धरत नाही आणि तिथेच हिशेब चुकतो. या संस्थेत पापड लाटणाऱ्या प्रत्येकीला लाटण्याचे पैसे मिळतात. ‘घरचंच तर काम आहे, त्याचे कसले पैसे?’ असं तिथे कुणी म्हणत नाही.

पुढे काय झालं?

पहिल्या वर्षातले धडे पुढे नियम बनले. सुरुवातीला लहान वयाच्या मुलीही कामाला येत. पुढे किमान वय १८ ठरवलं गेलं आणि ते योग्यच झालं. शिकण्याच्या वयात लाटण्यापेक्षा पाटी-पुस्तक महत्त्वाचं. तिसरं वर्ष संपेपर्यंत ३०० हून अधिक जणी झाल्या. एवढ्या बायका गच्चीवर मावणार कशा? मग मळलेलं पीठ घरोघरी न्यायचं आणि लाटलेले पापड आणून द्यायचे, अशी पद्धत पडली. १९६२ मध्ये ‘लिज्जत’ हे नाव मिळालं. १९६२-६३ ची विक्री होती १ लाख ८२ हजार रुपये, म्हणजे पहिल्या वर्षाच्या सुमारे २९ पट! २०२१ मध्ये जसवंतीबेन पोपट यांना ‘पद्मश्री’ जाहीर झाली.

पालकांनो, मुलं असं काही करू पाहतील तेव्हा सामान आणून द्या, पण त्याचं बिलही त्यांच्या हातात द्या. झालेला तोटा आपल्या खिशातून गुपचूप भरून काढू नका. त्यांना तो वहीत लिहू द्या.

आणि मुलांनो, पुढच्या आनंद मेळाव्यात एक करून बघा. वहीचं एक पान घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे आलेले पैसे, उजवीकडे गेलेले. आईचे कष्टही धरा. पानाच्या तळाशी लिहा, ‘आज कशामुळे अडलो?’ पुढच्या वर्षी स्टॉल लावायच्या आधी तेच पान उघडा. तुमची खाट-शेगडी तुम्हांला तिथेच सापडेल.