आधी तो मुद्दाम बंद पाडा

इचलकरंजीहून एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याचं पत्र आलं आहे. सुटे भाग आणून त्याने घरीच डेस्कटॉप जोडला. रायझन ७००० मालिकेतला प्रोसेसर, बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड, सोळा-सोळा जीबीच्या चार रॅम. मशीन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. पण तेव्हापासून साधारण दोन दिवसांतून एकदा ते हँग होतं. कधी गेम खेळताना, तर कधी नुसती पीडीएफ उघडी असताना. माऊस जागच्या जागी थिजतो, गाण्याचा एकच तुकडा घरघरत राहतो आणि बटण दाबून बंद करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. दुकानात नेलं तर दिवसभर सुरळीत चाललं. डॉक्टरकडे नेलं की उतरणाऱ्या तापासारखं. विंडोज पुन्हा टाकून झालं, आता नवा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, घेऊ का, असं त्याने विचारलं आहे.

घेऊ नकोस, इतक्यात तरी नाही. संशय एसएमपीएसवर का गेला, तेही पत्रात आहे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रत्येक वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसते. नोंदीत ‘पॉवर’ आहे, म्हणजे दोष वीजपुरवठ्यात, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण ही नोंद मशीन पुन्हा सुरू झाल्यावर लिहिली जाते आणि तिचा अर्थ एवढाच असतो की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. वीज गेली, मशीन हँग झालं आणि तुम्ही बटण दाबून ठेवलं, रॅमने दगा दिला, काहीही झालं तरी नोंद तीच.

यंत्राने दाखवलेला संदेश आणि यंत्रातला खरा दोष यांत किती अंतर असू शकतं, हे इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांनी अलीकडेच दाखवून दिलं. अनेकांचे गेम सुरू होतानाच बंद पडत आणि पडद्यावर संदेश येई, की ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली आहे. चांगली बारा-सोळा जीबीची कार्डं असलेल्यांनाही तोच संदेश! कार्डं निर्दोष होती. गेमच्या दाबून ठेवलेल्या फाइली उलगडण्याचं काम प्रोसेसर करतो आणि तो चुका करत होता. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून घेत होते आणि त्याने हळूहळू खराब होत होते. इंटेलने ऑगस्ट २०२४मध्ये त्यावर मायक्रोकोडचा उपाय दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मात्र आधीच बिघडलेली चिप त्या उपायाने दुरुस्त होत नव्हती, ती बदलूनच घ्यावी लागत होती.

पण इचलकरंजीच्या या प्रकरणात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते एक साधं गणित आणि ते दुकानदारालाही ठाऊक असायला हवं. समजा बिघाड सरासरी दोन दिवसांतून एकदा होतो आणि त्याला ठरलेली वेळ नाही. मग काहीही दुरुस्त न करता मशीन एक अख्खा दिवस विनातक्रार चालण्याची शक्यता किती? जवळजवळ एकसष्ट टक्के. म्हणजे दुकानातल्या त्या दिवसाने काहीच सिद्ध होत नाही. तुम्ही एखादी केबल बदलली आणि पुढचा दिवस शांततेत गेला, तर केबललाच श्रेय देण्याचा मोह होतो. दोष गेला असं ९५ टक्के खात्रीने म्हणायचं, तर सरासरी अंतराच्या तिप्पट वेळ थांबावं लागतं. इथे ते सहा दिवस भरतात. पाच गोष्टी एकेक करून तपासायच्या म्हटलं तर महिना गेला. त्याच्या आतच माणूस वैतागतो, एका दमात तीन भाग बदलतो आणि मूळ दोष कुठे होता, हे कधीच कळत नाही.

यातून सुटण्याचा मार्ग एकच. दोन दिवसांनी येणारा बिघाड दहा मिनिटांत यावा, अशी परिस्थिती मुद्दाम निर्माण करायची. मेमटेस्ट८६+ हे मोफत साधन पेनड्राइव्हवरून सुरू होतं. ते विंडोजला मधे येऊ न देता रॅमच्या खणाखणात ठरावीक आकडे लिहितं आणि वाचून पाहतं. प्राइम९५ची कथा त्याहून रंजक. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६मध्ये मर्सेन संख्यांमधल्या मूळसंख्या शोधण्याचा सार्वजनिक प्रकल्प सुरू केला, त्यातला हा प्रोग्रॅम. एकेका संख्येचं गणित दिवसेंदिवस चालतं आणि मधे एक बिट जरी चुकला तरी सगळी मेहनत वाया जाते. म्हणून त्यात एक चाचणी घातली गेली, उत्तर आधीच माहीत असलेली गणितं संगणकाकडून करवून घेऊन ताडून पाहण्याची. आज जगभरचे लोक मूळसंख्यांशी घेणं-देणं नसताना केवळ त्या चाचणीसाठी प्राइम९५ उतरवून घेतात. जानेवारी २०१६मध्ये इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरांमधला एक दोष यातूनच उघड झाला. एका विशिष्ट घातांकाचं गणित दिलं की मशीन थिजून जाई.

मूळसंख्यांचा विषय निघाला आहे तर थॉमस नाइसली यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या तेव्हाच्या लिंचबर्ग कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक होते. ११ आणि १३, १७ आणि १९ अशा जुळ्या मूळसंख्यांच्या व्यस्तांची बेरीज ते काढत होते. जुळ्या जोड्या अनंत आहेत की नाहीत हे आजही सिद्ध झालेलं नाही, पण ही बेरीज मात्र एका मर्यादेतच राहते, हे नॉर्वेच्या व्हिगो ब्रून यांनी १९१९मध्ये दाखवलं होतं. नाइसलींच्या हाताशी अनेक संगणक होते. मार्च १९९४मध्ये त्यांत इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरवर चालणाऱ्या एका संगणकाची भर पडली आणि जूनमध्ये पडताळणीत उत्तर जुळेनासं झालं.

पुढचे चार महिने या माणसाने जे केलं, ते नवा संगणक जोडणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं असं आहे. त्यांनी पहिला संशय घेतला स्वतःच्या प्रोग्रॅमवर. मग कंपायलरवर. मग मदरबोर्डवरच्या चिपसेटवर. एकेक शक्यता वेगळी काढायची, बाकी सगळं आहे तसं ठेवायचं, गणित पुन्हा चालवायचं. आकड्यांचा टापू लहान लहान करत ते शेवटी एका जोडीपाशी येऊन थांबले: ८२४६३३७०२४४१ आणि ८२४६३३७०२४४३. पहिल्या संख्येला तिच्याच व्यस्ताने गुणलं तर उत्तर १ यायला हवं. पेंटियम सांगत होता ०.९९९९९९९९६२७. दुसऱ्या पेंटियमवरही तेच. बिघाड आता दोन-चार महिन्यांनी अवचित गाठणारा राहिला नव्हता. विंडोजच्या कॅल्क्युलेटरवर कुणीही तो हवा तेव्हा पाहू शकत होतं. ३० ऑक्टोबरला त्यांनी काही परिचितांना ईमेल लिहिली आणि ती जगभर पसरली. भागाकारासाठी चिपमध्ये जे कोष्टक कोरलं होतं, त्यातल्या १०६६ नोंदींपैकी पाच गाळल्या गेल्या होत्या. इंटेलला हा दोष आधीच सापडला होता. सामान्य ग्राहकाला तो २७ हजार वर्षांतून एकदा भेटेल, असं कंपनीचं म्हणणं होतं. अखेर डिसेंबरमध्ये तिने मागेल त्याला चिप बदलून देण्याचं मान्य केलं आणि ४७ कोटी ५० लाख डॉलरचा फटका सोसला.

हा प्रसंग व्यवस्थापनाच्या वर्गांत कंपनीच्या अब्रूची गोष्ट म्हणून शिकवला जातो. मला त्याची खंत वाटते. नाइसलींची ती चार महिन्यांची चिकाटी विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात हवी होती.

आता इचलकरंजीच्या मशीनकडे. त्यात मला खटकल्या त्या चार रॅम. त्या ‘डीडीआर५-६०००’ आहेत आणि बायोसमध्ये जाऊन त्याने रॅमला खोक्यावरच्या वेगाने पळवणारं एक्स्पो प्रोफाइल चालू केलं आहे. सेकंदाला सहाशे कोटी वेळा आकडा इकडून तिकडे, म्हणजे एका बिटाच्या वाट्याला आलेला वेळ असा की तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम पाच सेंटीमीटर जातो. मदरबोर्डवरच्या तांब्याच्या रेषांत संकेत त्याहूनही हळू चालतो. एका वाहिनीवर एकाऐवजी दोन रॅम टांगल्या की संकेत आणखी अस्पष्ट होतो. म्हणून रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरांसाठी एएमडीने दोन रॅमना ५२०० आणि चार रॅमना फक्त ३६०० एवढाच अधिकृत वेग दिला आहे. खोक्यावर छापलेला ६००० हा रॅमचा दावा आहे. तो प्रोसेसरला पेलेलच, असं वचन कुणीच दिलेलं नाही आणि ही गोष्ट जाहिरातीत कुठेही ठळक दिसत नाही.

‘डीडीआर५मध्ये चूक-दुरुस्ती अंगचीच असते’ हा प्रचारही असाच अर्धवट आहे. ती दुरुस्ती चिपच्या पोटातल्या चुकांपुरती. रॅमपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत बिट बदलला तर साध्या डीडीआर५ला पत्ताही लागत नाही. चूक नुसती ओळखायची नव्हे, तर कुठे झाली ते शोधून सुधारायची, ही युक्ती बेल लॅब्जच्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५०मध्ये प्रसिद्ध केली. शनिवार-रविवारी यंत्रावर लावलेलं त्यांचं काम एका चुकीपायी अर्धवट टाकलं जाई, त्या संतापातून ती जन्मली. सर्व्हरमध्ये ती सर्रास वापरली जाते. घरच्या संगणकाच्या वाट्याला मात्र ती क्वचितच येते, कारण काही चिप वाढतात, किंमत वाढते. विद्यार्थ्याचा प्रबंध बँकेच्या खात्याइतका मोलाचा नाही, असं कुणी ठरवलं? मला हा भेद पटत नाही.

तर आता असं कर. डेटाची प्रत बाहेर काढून ठेव. आहे त्याच स्थितीत रात्रभर मेमटेस्ट लाव. चुकांच्या लाल ओळी आल्या तर दोष हाताशी आला, आता एकेकच बदल कर. आधी फक्त एक्स्पो बंद करून तीच चाचणी पुन्हा. तरीही ओळी आल्या तर दोन रॅम काढ, उरलेल्या दोन प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसव, टक् असा आवाज येईपर्यंत दाबून. बदलानंतर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळाच राहील. मदरबोर्ड त्या वेळी रॅमशी वेळ जुळवून घेत असतो, घाबरून बटण दाबू नकोस. दोन्हींनी भागलं नाही, तर एका वेळी एकच रॅम लावून बघ. आणि मेमटेस्टला रात्रभर एकही चूक सापडली नाही, तर प्राइम९५ लावून प्रोसेसरचं तापमान बघ, कूलरखालचं प्लॅस्टिकचं पातळ आवरण काढलं होतंस ना, तेही तपास. एसएमपीएसची पाळी त्यानंतर, आणि तोही विकत आणण्याआधी मित्राचा दोन दिवस मागून लावून बघ.