हात ओळखीच्या वाटेला लागण्याआधी

तीन भांडी आहेत. पहिल्यात २१ मापं पाणी मावतं, दुसऱ्यात १२७ आणि तिसऱ्यात ३. यांच्या मदतीनं बरोबर १०० मापं पाणी मोजून काढायचं. जरा डोकं खाजवलं की जमतं. मोठं भांडं भरायचं, त्यातून एकदा पहिलं भरून काढायचं आणि दोनदा तिसरं. अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञानं १९४२मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना अशी कोडी ओळीनं घातली. सगळी याच रीतीनं सुटणारी. मग त्यानं गुपचूप एक निराळं कोडं सरकवलं. भांडी २३, ४९ आणि ३ मापांची, पाणी हवं २० मापं. बहुतेकांनी पुन्हा मोठंच भांडं उचललं, त्यातून २३ काढले, मग दोनदा तीन-तीन. २३मधून ३ काढले की काम झालं, हे त्यांना दिसलंच नाही. आधीची कोडी न सोडवलेल्यांना मात्र ते सहज दिसलं.

गोम अशी, की सवयीनं आलेलं उत्तर चुकीचं नव्हतं. चुकीचं असतं तर माणूस अडखळला असता, मागे वळला असता. लिहिणाऱ्याचं, गाणाऱ्याचं, चित्र काढणाऱ्याचं नेमकं हेच होतं. दिवाळी अंकाची कथा वेळेत पूर्ण होते, छापून येते, चार वाचक कळवतात की आवडली. त्या कथेतला पाऊस, पडका वाडा आणि शेवटच्या परिच्छेदातली आजी मागच्या वर्षीच्या कथेतही होती, हे कोणी बोलत नाही. गायकाची समेवर यायची ठरलेली तान टाळी घेते, म्हणून ती पुढच्या मैफलीतही येते. चालतंय ते बदलावं कशाला?

बुद्धिबळातला एक प्रयोग याच्याही पुढे जातो. मेरिम बिलालिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८मध्ये तो प्रसिद्ध केला. तरबेज खेळाडूंपुढे एक डाव मांडला. त्यात पाच चालींत मात करण्याची, सगळ्या खेळाडूंना पाठ असलेली घोड्याची युक्ती होती आणि तीन चालींत संपणारा, कमी ओळखीचा मार्गही होता. खेळाडूंना पाचवाला चटकन दिसला. त्याहून आखूड मार्ग शोधा म्हटल्यावर ते शोधू लागले, आणि आम्ही शोधतोय असं प्रामाणिकपणे सांगतही होते. पण त्यांच्या नजरेचा माग घेणाऱ्या यंत्रानं दाखवलं, की डोळे पुन्हा पुन्हा पहिल्या युक्तीच्याच घरांवर जात होते. आपण नवं शोधतोय असं वाटणं आणि खरोखर नवं शोधणं, या दोन गोष्टी निराळ्या निघाल्या.

म्हणूनच ‘काहीतरी वेगळं कर’ असं स्वतःला बजावून फारसं साधत नाही. नजर कुठे जातेय हे आधी दिसायला हवं. ज्याला सध्या माइंडफुलनेस म्हणतात, त्या सजगतेच्या सरावाचा इथे संबंध येतो. जॉन कबाट-झिन यांनी १९७९मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घ दुखण्यांनी गांजलेल्या रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला आणि तिथून हा शब्द दवाखान्यांत, कचेऱ्यांत, मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये पसरला. त्याचं मूळ बौद्ध साधनेत आहे. आपल्याकडे त्याची सर्वांत ओळखीची जागा म्हणजे इगतपुरीचं धम्मगिरी. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतल्या दहा दिवसांच्या शिबिरात आधी आनापान, म्हणजे येता-जाता श्वास नुसता पाहणं, आणि चौथ्या दिवसापासून विपश्यना, म्हणजे अंगावर उठणाऱ्या संवेदना प्रतिक्रिया न देता पाहणं. बोलणं बंद असतंच, पण वाचन आणि लेखनही बंद. लेखकांना ही अट मौनापेक्षा जड जाते. तिथे सुचलेलं वाक्य टिपून ठेवता येत नाही, ते आलं आणि गेलं, एवढंच पाहायचं. विपश्यना कथा सुचावी म्हणून नसते, हे सांगायला हवं. त्या अपेक्षेनं जाणाऱ्यानं न गेलेलं बरं.

पण या सरावातली एक गोष्ट कलावंताच्या थेट कामाची आहे. सवयीचा आश्रय आपण घेतो तो दर वेळी कल्पना आटल्या म्हणून घेत नाही. अडल्यावर जी अस्वस्थता येते, ती सोसत नाही म्हणून घेतो. कोरा कागद समोर आहे, पुढचं वाक्य येत नाही, पोटात काहीतरी आवळतं, आणि तेवढ्यात ते ओळखीचं वाक्य हात देतं. केवढी सुटका! ती सुटका हवीहवीशी असते म्हणून वाक्य चांगलं वाटतं. पोटातलं ते आवळणं काही क्षण नुसतं पाहता आलं, त्यावर लगेच उपाय केला नाही, तर दुसऱ्या वाक्याला यायला जागा होते. सजगता नवी कल्पना हातात ठेवत नाही. जुनीच उचलण्याची घाई तेवढी कमी करते.

संशोधन याला दुजोरा देतं, पण बेतानं. इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२मध्ये लुचिन्सची भांडीच पुन्हा काढली. सजगतेचा सराव केलेले लोक जुन्या रीतीत कमी अडकले. त्याच वर्षी नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठातल्या प्रयोगात दिसलं, की एकाच वस्तूवर मन बांधण्यापेक्षा जे येईल ते खुलेपणानं पाहण्याच्या ध्यानानंतर लोकांना एका वस्तूचे अनेक उपयोग जास्त सुचले. प्रयोगातले लोक मोजके होते आणि विटेचे दहा उपयोग सुचणं म्हणजे कादंबरी सुचणं नव्हे. ‘ध्यान करा, सर्जनशील व्हा’ अशी जाहिरात दिसली तर पान उलटावं.

मला प्रयोगांपेक्षा माणसं जास्त पटतात. अमेरिकी संगीतकार जॉन केज यांना १९४६च्या सुमारास अहमदाबादच्या गीता साराभाई भेटल्या. पाश्चात्त्य संगीत शिकण्याच्या बदल्यात त्यांनी केज यांना भारतीय संगीत समजावून दिलं. मन शांत करणं हे संगीताचं प्रयोजन, हा विचार केज यांना त्यांच्याकडून मिळाला. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात केज यांनी डी. टी. सुझुकी यांची झेन या बौद्ध पंथावरची व्याख्यानं ऐकली. मांडी घालून बसणं मात्र त्यांनी पत्करलं नाही. संगीतरचना हीच आपली साधना, असं त्यांनी ठरवलं. १९५१च्या पियानोरचनेत पुढचा स्वर कोणता हे त्यांनी नाणी उडवून, ‘यी चिंग’ या चिनी ग्रंथाच्या आधारे ठरवलं, म्हणजे स्वतःची आवडनिवड मधे येणार नाही. मला हा मार्ग थोडा पळवाटेचा वाटतो. सवय पाहायची सोडून तिला दाराबाहेर उभं करायचं, असा.

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा मार्ग जास्त अवघड. नागपुरात १९२४मध्ये जन्म, १९४८मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका. सुरुवातीच्या चित्रांत पॉल क्लेचा प्रभाव आणि रेषेवरची हुकमत स्पष्ट दिसते. एवढी चांगली रेषा हाताला असताना कोणीही ती आयुष्यभर वापरली असती. गायतोंड्यांनी ती सोडली. आकृती गेल्या, मग ब्रश मागे पडला आणि रोलर व पॅलेट नाइफ आले. रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे. रोलरला मनगटाची लकब कळत नाही. त्यामुळे हाताला पाठ झालेलं वळण चित्रात उतरायला वावच उरला नाही, असं मी त्यांची चित्रं पाहताना समजतो. झेन, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज हे त्यांचे जिव्हाळ्याचे विषय होते. रंगवण्याच्या काळापेक्षा बसून पाहण्याचा काळ मोठा आणि वर्षाकाठी पूर्ण होणारी चित्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. गुगेनहाइम संग्रहालयानं २०१४मध्ये त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्याच्या नावातच चित्र ही प्रक्रिया आणि चित्र हेच जगणं, असं म्हटलं होतं.

आक्षेप घेता येईल, की त्यांचे नंतरचे उभे कॅनव्हासही एकमेकांसारखेच आहेत. आहेत खरे. पण एकाच जागी पुन्हा जाणं आणि न बघता जाणं, यांत फरक आहे. रियाझ करणाऱ्यांना तो सांगावा लागत नाही. तोच पलटा रोज घोटायचा असतो. घोटलेला पलटा मैफलीत आपोआप बाहेर पडतो तेव्हा तो आपण घेतला की त्यानं आपल्याला नेलं, हे गाणाऱ्याला कळलं म्हणजे झालं. सवयीशिवाय कला उभी राहत नाही, त्यामुळे सवय मोडणं हे ध्येय धरलं तर हात तेवढा अडखळेल.

रोजच्या कामात सवयीवर अशी नजर कशी ठेवायची? सकाळी दहा मिनिटं श्वास पाहणं उपयोगी आहे, पण खरी वेळ टेबलावर येते. पहिलं सुचेल ते लिहून बाजूला ठेवावं. खोडू नये, वापरूही नये. मग खुर्चीतच थांबून अंगात काय चाललंय ते पाहावं: खांदे ताठ आहेत का, कधी एकदा संपवतो असं झालंय का. त्यानंतर दुसरी आणि तिसरी शक्यता लिहावी. पुष्कळदा पहिलीच बरी निघते, तेव्हा ती बिनदिक्कत घ्यावी. चित्रकार प्रभाकर बरवे वर्षानुवर्षं वह्यांमध्ये स्वतःच्या पाहण्याची आणि चित्र घडण्याची टिपणं करत. त्या विचारांतून १९९०मध्ये ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक आलं. तशी वही कोणालाही ठेवता येते. ज्यांना नैराश्याचा किंवा जुन्या आघाताचा त्रास आहे, त्यांनी मात्र लांबलचक मौनाची शिबिरं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

या वर्षी दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला असेल, तर कथेला हात घालण्याआधी आपल्या मागच्या तीन कथांची शेवटची पानं काढा आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा.