गर्भिणी परिचर्या आणि स्वमग्नता

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून स्वमग्न बालकास घेऊन आलेली माता प्रथम हेच विचारते की, गरोदरपणी आपले काय चुकले? वैद्यबंधूंनी तिला निःसंदिग्ध सांगावे की, दोष तिचा नाही. या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असून तो टाळण्याची हमी देणारे कोणतेही औषध नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील मासानुमासिक परिचर्या सांगतानाही अशी हमी देऊ नये.

मात्र अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट गर्भावस्थेत घेतल्यास स्वमग्नतेचा धोका वाढतो. ते परस्पर बंद न करता, गर्भधारणेपूर्वीच स्त्रीस तज्ज्ञांकडे पाठवावे. औषधविक्रेत्यांनीही याबाबत दक्ष राहावे. रक्ताल्पता व सिकलसेल तपासणी, फॉलिक आम्ल आणि २०१५ पासूनच्या अमृत आहार योजनेतील चौरस आहार यांचा आग्रह धरावा. गर्भिणीचे पोषण हे आपले खरे कार्यक्षेत्र होय.